मुक्काम मुंबई, वय ६५: मेडिकेअरच्या मुदती कशा मोजायच्या?

मुलुंड_पूर्व (प्रश्न)

मामा-मामींच्या अमेरिकन मेडिकेअरच्या (६५ नंतर मिळणारा तिथला सरकारी आरोग्य विमा) नोंदणीबद्दल विचारायचं आहे. तपशील असे:

मामा: जन्म १२ ऑगस्ट १९६१, म्हणजे २०२६ च्या ऑगस्टमध्ये ६५ पूर्ण. न्यू जर्सीत २२ वर्षं नोकरी, सोशल सिक्युरिटीची (तिथली सरकारी पेन्शन योजना) ४० क्रेडिट्स, म्हणजे नोकरीच्या काळावर मिळणारे गुण, केव्हाच झालेली. २०१९ पासून मुलुंडला. अंधेरीच्या एका कंपनीत पगारी नोकरी, निवृत्ती ३० जून २०२८ ला. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात मामीचंही नाव आहे. सोशल सिक्युरिटीची पेन्शन अजून चालू केलेली नाही.

मामी: जन्म १ मार्च १९६२. अमेरिकेत सहा वर्षं नोकरी, २४ क्रेडिट्स.

दोघेही अमेरिकन नागरिक, इथे ओसीआयवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). वर्षातले साधारण तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला असतात. सत्तरी उलटल्यावर, २०३४ च्या आसपास, कायमचं तिकडे जायचा विचार आहे.

मेडिकेअर मुंबईत चालत नाही हे माहीत आहे. प्रश्न असा की पार्ट ए (हॉस्पिटल), बी (डॉक्टर, ओपीडी) आणि डी (औषधं) यांची नोंदणी कोणत्या तारखांच्या आत करायची, आत्ता बी घेतला नाही तर नेमका किती दंड बसतो, आणि मामीला स्वतःची ४० क्रेडिट्स नसताना काय होतं? एक नातेवाईक म्हणतात, "ऑक्टोबरमध्ये ओपन एनरोलमेंट असते, तेव्हा कधीही घ्या." ते बरोबर आहे का?

---

कागद_जपून_ठेवा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सर्वात जास्त लोक फसतात. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत ज्यांच्याकडे मेडिकेअर आधीच आहे त्यांच्यासाठी असते. औषधांचा प्लॅन बदलणं, अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घेणं किंवा सोडणं एवढंच त्यात होतं आणि बदल १ जानेवारीपासून लागू होतो. पार्ट बी पहिल्यांदा घेण्याशी या मुदतीचा काही संबंध नाही. टीव्हीवरच्या जाहिराती त्याच काळात जोरात असतात, त्यामुळे हा समज पसरलेला आहे.

पार्ट बी पहिल्यांदा घेण्याचे तीनच मुख्य रस्ते आहेत.

पहिला: ६५ पूर्ण होतानाची सात महिन्यांची मुदत. वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन, नंतरचे तीन. मामांसाठी १ मे ते ३० नोव्हेंबर २०२६. मे ते जुलैमध्ये अर्ज केला तर १ ऑगस्टपासून लागू. ऑगस्टमध्ये किंवा नंतर केला तर अर्जाच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. (२०२३ च्या आधी इथे दोन-तीन महिन्यांचा उशीर व्हायचा. जुने लेख वाचत असाल तर तो नियम आता नाही.)

मामींच्या बाबतीत एक बारकावा आहे. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या दिवशीच वय पूर्ण झालं असं धरतात. १ मार्चचा जन्म, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२७ लाच ६५ पूर्ण. म्हणून त्यांचा महिना मार्च नव्हे, फेब्रुवारी. त्यांची मुदत १ नोव्हेंबर २०२६ ते ३१ मे २०२७. मार्च धरून हिशेब केला तर जून २०२७ मध्ये अर्ज जाईल आणि तो उशिराचा ठरेल.

दुसरा: नोकरीमुळे मिळणारी खास मुदत. ६५ नंतरही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीमुळे ग्रुप विमा असेल, तर तो असेपर्यंत कधीही, आणि नोकरी किंवा तो विमा यांतलं जे आधी संपेल त्यानंतर आठ महिने. यात दंड नाही. नोकरी परदेशात असली तरी हा रस्ता खुला आहे, आणि तुमच्या मामा-मामींच्या कामाचा रस्ता हाच आहे. मामांची नोकरी ३० जून २०२८ ला संपते, म्हणजे दोघांसाठी जुलै २०२८ ते फेब्रुवारी २०२९. मामी मामांच्या ग्रुप विम्यात असल्यामुळे त्यांनाही तीच सवलत.

तिसरा: दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च. पहिले दोन्ही चुकले त्यांच्यासाठी. अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून लागू होतो, पण उशिराचा दंड लागू शकतो.

आता पार्ट ए. मामांना ४० क्रेडिट्सवर तो बिनहप्त्याचा आहे. त्याला दंड नाही, आणि उशिरा अर्ज केला तर जास्तीत जास्त सहा महिने मागून लागू करतात. ऑगस्टच्या आसपास घेऊन टाका. मामींना स्वतःच्या २४ क्रेडिट्सवर घ्यायचा झाला तर २०२६ च्या दराने महिन्याला ५६५ डॉलर पडले असते, पण तशी वेळ येत नाही. जोडीदाराचं वय ६२ पूर्ण, त्याची ४० क्रेडिट्स आणि लग्नाला किमान एक वर्ष झालेलं असेल तर त्याच्या रेकॉर्डवर पार्ट ए बिनहप्त्याचा मिळतो. अर्जासोबत लग्नाचा दाखला लागेल. महापालिकेचा मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

आणखी एक. जे ६५ च्या किमान चार महिने आधीपासून सोशल सिक्युरिटीची पेन्शन घेतात त्यांना अमेरिकेत ए आणि बी दोन्ही आपोआप मिळतात. पत्ता परदेशातला असेल तर बी आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. मामांनी मध्येच पेन्शन चालू केली तर "कार्ड घरी आलं, म्हणजे सगळं झालं" असं समजू नका. कार्डावर बी ची तारीख छापली आहे का ते बघा.

---

हिशेबनीस_दादर

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त पैशाचं आणि वेळेचं सांगतो, कारण "दंड" या शब्दाला लोक घाबरतात आणि खरा धोका दुसरीकडेच असतो.

दंडाचा नियम: बी घेता येत असताना न घेतलेल्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के. अकरा महिन्यांना शून्य, तेवीस महिन्यांना १०. चालू नोकरीच्या ग्रुप विम्याचे महिने यात धरत नाहीत. हा दंड बी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांसाठी आयुष्यभर राहतो, आणि नवरा-बायकोला वेगवेगळा लागतो.

मामांनी २०२८-२९ ची आठ महिन्यांची मुदत सोडली आणि २०३४ च्या जानेवारी-मार्चमध्ये बी घेतला असं धरा. जुलै २०२८ पासून मोजलं तर पाच पूर्ण वर्षं आणि वर काही महिने, म्हणजे ५० टक्के. २०२६ चा मूळ हप्ता २०२.९० डॉलर आहे. त्यावर दंड महिन्याला सुमारे १०१ डॉलर, एकूण सुमारे ३०४.

दुसरी बाजू बघा. त्या काळात बी घेऊन ठेवला असता तर जुलै २०२८ ते जानेवारी २०३४ हे ६७ महिने, आजच्या दराने साडेतेरा हजार डॉलरच्या थोडं वर, प्रत्येकी, भरले असते. आणि त्यातून मुंबईतल्या एकाही बिलाचा एक डॉलरही परत आला नसता. मेडिकेअर परदेशात पैसे देतं ते कॅनडाच्या सीमेजवळची तातडी वगैरे अगदी मोजक्या प्रसंगांत.

सोपं गणित असं की एक वर्ष बी न घेतल्याने १२ हप्ते वाचतात, आणि त्या वर्षाचा दंड पुढे दरवर्षी १.२ हप्ते. वाचलेले पैसे दंडात जायला दहा वर्षं लागतात. दंड त्या त्या वर्षाच्या हप्त्यावर मोजतात आणि हप्ता वाढतच असतो (२०२४ मध्ये १७४.७०, २०२५ मध्ये १८५, २०२६ मध्ये २०२.९०), त्यामुळे प्रत्यक्षात दहापेक्षा थोडी कमी धरा. तरीही वयाच्या ७२ व्या वर्षी परत जाणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचाच आहे असं मुळीच नाही.

मग धोका कुठे? बंद असलेल्या मुदतीत. कायमचं अमेरिकेत परतणं हे पार्ट बी साठी खास मुदतीचं कारण नाही. औषधांच्या आणि अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनसाठी ते कारण आहे, आणि लोक तेच बी ला लावतात. मामा-मामी एप्रिल २०३४ मध्ये एडिसनला उतरले आणि बी नसेल, तर अर्ज जानेवारी २०३५ मध्ये आणि बी १ फेब्रुवारीपासून. दहा महिने नुसता पार्ट ए. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलचा बेड. त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची फी, डॉक्टरच्या भेटी, ओपीडीतलं स्कॅन, केमो, डायलिसिस हे सगळं बी मध्ये येतं. पासष्टी उलटलेली माणसं बहुतेक वेळा तब्येत बिघडल्यावरच मुलांकडे कायमची जातात, आणि तब्येत एप्रिलमध्ये बिघडली तर जानेवारीची वाट बघत नाही.

म्हणून माझं मत: जायचं वर्ष ठरलं असेल तर बी उशिरा घेतला तरी चालेल, पण अर्ज मुंबईतूनच जानेवारीत करा. पार्ट ए बिनहप्त्याचा असलेल्या माणसाला परदेशात राहत असतानाही त्या मुदतीत बी मागता येतो. १ फेब्रुवारीला बी चालू, विमान फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये. जायचं वर्षच नक्की नसेल, घरात हृदयविकार-मधुमेह असेल आणि "गरज पडली की निघू" असं चाललं असेल, तर २०२८ मध्येच बी घेऊन हप्ते भरत राहणं ही त्या अनिश्चिततेची किंमत समजा. माझ्या मते ती द्यावी.

जाता जाता, मुलुंडचा फ्लॅट विकणार असाल तर तेही याच कागदावर मांडा. बी चा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमधल्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ साठी जोडप्याची मर्यादा २ लाख १८ हजार डॉलर आहे. त्यावर गेलं की पहिल्याच टप्प्यात प्रत्येकी हप्ता २८४.१० होतो आणि पुढे आणखी वाढत जातो. मुंबईतल्या जुन्या फ्लॅटचा नफा ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. वाढीव हप्ता त्या एका वर्षापुरता असतो, पण मनात तयारी हवी. बी चालू होण्याच्या दोन वर्षांपेक्षाही आधी विक्री झाली तर हा प्रश्नच येत नाही.

---

ठाणे_ते_सॅन_होजे

हिशेबनीसांशी एका गोष्टीत माझा मतभेद आहे. २०२८ मध्ये बी घेऊन मुंबईत बसायचं याची आणखी एक किंमत आहे, ती वरच्या हिशेबात आलेली नाही. ती आहे मेडिगॅप.

बी नंतरही २० टक्के खर्च स्वतःचा राहतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. तो भरून काढणारी खासगी पॉलिसी म्हणजे मेडिगॅप. ६५ पूर्ण आणि बी चालू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळतात तिथून सहा महिने कोणतीही कंपनी तब्येत विचारून नकार देऊ शकत नाही किंवा जास्त हप्ता लावू शकत नाही. ही मुदत एकदाच मिळते. २०२८ च्या जुलैमध्ये बी चालू केला आणि राहिलात मुलुंडला, तर डिसेंबर अखेर ते सहा महिने मुलुंडमध्येच संपले. २०३४ मध्ये एडिसनला गेल्यावर कंपनी साखर, बीपी, स्टेंट सगळं विचारेल. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये मेडिगॅप वर्षभर तब्येतीच्या अटीशिवाय मिळतो. बाकी बहुतेक राज्यांत तसं नाही.

म्हणजे उशिरा बी घेतला तर दंड लागतो, पण हे सहा महिने ताजे मिळतात. लवकर घेतला तर दंड नाही, पण मेडिगॅपचा दरवाजा बंद होऊ शकतो आणि मग अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन हाच मार्ग उरतो. ज्यांना आधीच मोठं दुखणं आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा ५० टक्के दंडापेक्षा जड आहे.

मेडिगॅपच्या काही प्लॅनमध्ये परदेश प्रवासातली तातडी येते: २५० डॉलर स्वतःचे, मग ८० टक्के, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांपुरती, आयुष्यभरात ५० हजार डॉलरपर्यंत. ही सोय सुट्टीला मुंबईत येणाऱ्यासाठी आहे, मुंबईत राहणाऱ्यासाठी नाही. तिच्यावर विसंबू नका.

पार्ट डी चं सोपं आहे. प्लॅनच्या भागात राहत असाल तरच तो घेता येतो, म्हणून मुंबईत राहताना तो घेताही येत नाही आणि ते महिने दंडातही धरत नाहीत. अमेरिकेत राहायला गेल्यावर तो महिना अधिक पुढचे दोन पूर्ण महिने, एवढ्या मुदतीत प्लॅन घ्या. ती मुदत संपल्यावर औषधांच्या विम्याशिवाय सलग ६३ दिवस गेले तर दर महिन्यामागे १ टक्का दंड, मूळ आकडा २०२६ साठी ३८.९९ डॉलर. ३६ महिने म्हणजे महिन्याला सुमारे १४ डॉलर, तोही कायमचा.

इथे एक गोष्ट नेहमी होते. प्लॅन घेतल्यावर कंपनीचं पत्र येतं की ६५ पासून आजपर्यंत तुमच्याकडे औषधांचा विमा होता का. ते पत्र फेकू नका आणि नुसतं "नाही" लिहून पाठवू नका. पत्रातल्या तारखेच्या आत "या तारखेपासून या तारखेपर्यंत अमेरिकेबाहेर राहत होतो" असं कळवा आणि पुरावा जोडा: पासपोर्टवरचे शिक्के, मुंबईतलं वीजबिल, सोसायटीची मेंटेनन्सची पावती. उत्तर गेलं नाही तर प्लॅन सगळे महिने दंडात धरतो.

---

बोरिवली_वेस्ट

याच धाग्यात विचारते. माझे आई-बाबा भारतीय नागरिक, बाबा ६९, आई ६६. भावाने बोलावल्यावर जून २०२३ मध्ये दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. अमेरिकेत कधीच नोकरी केलेली नाही. वर्षातले चार-पाच महिने बोरिवलीत, बाकी डॅलसला. त्यांची ६५ ची सात महिन्यांची मुदत तर गेली. मग दंड सुरू झाला का?

---

कागद_जपून_ठेवा

नाही, दंड सुरू झालेला नाही, कारण त्यांची मुदतच अजून उघडलेली नाही. क्रेडिट्स नसलेल्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअरचा हक्क येतो तो ६५ पूर्ण आणि अमेरिकेत सलग पाच वर्षं कायदेशीर कायम वास्तव्य झाल्यावर. दोन्ही अटी ज्या महिन्यात पहिल्यांदा पूर्ण होतात तो महिना मध्ये धरून त्यांचे सात महिने मोजतात. जून २०२३ चं ग्रीन कार्ड, तेव्हापासून वास्तव्य सलग धरलं तर जून २०२८, म्हणजे मुदत मार्च ते सप्टेंबर २०२८. तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ही चुकली की मग खरंच जानेवारी-मार्चची वाट, आणि उशीर वाढला तर दंड.

"सलग" या शब्दावर मात्र नीट विचार करा. चार-पाच महिन्यांच्या मुंबई फेऱ्या ठीक आहेत, पण एखादी फेरी सहा महिन्यांच्या पुढे गेली की वास्तव्य तुटलं का, हा प्रश्न उभा राहतो आणि पाच वर्षांचं मोजणं पुन्हा सुरू होऊ शकतं. त्यामुळे लग्नसराई, गणपती आणि दिवाळी एकाच लांब मुक्कामात बसवण्याआधी परतीचं तिकीट बघा. प्रत्येक ये-जा तारखेचा तक्ता ठेवा. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात तो विचारतातच.

पैसे: भावाची क्रेडिट्स आई-बाबांना चालत नाहीत. जोडीदाराची चालतात, मुलाची नाहीत. इथे ईपीएफओमध्ये भरलेली वर्षंही चालत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार झालेला नाही. म्हणजे पार्ट ए विकत: २०२६ च्या दराने ५६५ डॉलर, अधिक बी २०२.९०, मिळून महिन्याला माणशी ७६७.९०. फक्त बी घेता येतो. फक्त विकतचा ए घेता येत नाही, त्यासोबत बी लागतोच. विकतच्या पार्ट ए ला वेगळा दंड आहे: १० टक्के, आणि जेवढी वर्षं उशीर त्याच्या दुप्पट वर्षं भरायचा.

तोपर्यंत डॅलसला मार्केटप्लेसचा (तिथल्या सरकारी विमा-बाजारातून घ्यायचा खासगी) विमा. तो दरवर्षीच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, किंवा परदेशातून राहायला आल्यापासून ६० दिवसांत घेता येतो. व्हिजिटर पॉलिसीवर पाच वर्षं काढणं धोक्याचं आहे, जुन्या आजारांना ती बहुधा पैसे देत नाही.

आणि बोरिवलीतल्या महिन्यांसाठी, बाबा सत्तरीचे झाले की आयुष्मान वय वंदना कार्डाची चौकशी करा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि वरच्यांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. याला नोंदणीची मुदत नाही, वर्षभर केव्हाही काढता येतं, आजारांसाठी थांबण्याचा काळ नाही, वय आधारवरून धरतात. आधारवरची जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर कार्ड तिथेच अडू शकतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. खासगी मेडिक्लेम सोबत चालतो. कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते १४५५५ वर विचारून घ्या, नाव ओळखीचं आहे म्हणून गृहीत धरू नका.

---

मुलुंड_पूर्व

खूप स्पष्ट झालं, मनापासून आभार. मामा ग्रुप विम्याच्या आधाराने २०२८ पर्यंत थांबतील, २०२९ की २०३४ हे दोघे मिळून ठरवतील. शेवटचं: नोकरीचा पुरावा म्हणून नेमकं काय द्यायचं? कंपनीच्या एचआरने अमेरिकेचा असा फॉर्म कधी पाहिलेलाही नाही. आणि मामींच्या नावाने एका बँकेच्या खातेदारांसाठीची ग्रुप पॉलिसीही आहे, ती चालेल का?

---

हिशेबनीस_दादर

बँकेची चालणार नाही. "ग्रुप" हा शब्द पॉलिसीवर असणं पुरेसं नाही, विमा चालू नोकरीमुळे मिळालेला हवा. खातेदारांची पॉलिसी, स्वतः घेतलेला फॅमिली फ्लोटर, निवृत्तांसाठीची ग्रुप पॉलिसी, यांपैकी काहीच धरत नाहीत. अमेरिकेत नोकरी सुटल्यावर जो कोब्रा विमा मिळतो तोही नाही.

याच कारणाने मामांची कंपनी कौतुकाने म्हणाली की "पॉलिसीचं वर्ष मार्चला संपतं, तोवर नाव राहू दे", तर जरूर राहू द्या, पण आठ महिने ३० जून २०२८ पासूनच मोजा. नोकरी आधी संपली आहे.

---

कागद_जपून_ठेवा

फॉर्म दोन. सीएमएस-४०बी हा बी चा अर्ज, मामांनी एक आणि मामींनी एक. सीएमएस-एल५६४ हा नोकरी आणि विम्याचा दाखला: पहिला भाग अर्जदाराने, दुसरा कंपनीने भरायचा. मामींच्या एल५६४ मध्येही नोकरीचे तपशील मामांचेच येतात, कारण विमा त्यांच्या नोकरीचा. हे दोन दाखले एकाच दिवशी सही करून घ्या.

एचआरला दुसऱ्या भागात लिहायचं ते एवढंच: ग्रुप विमा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नोकरी कधीपासून कधीपर्यंत, सही, हुद्दा, फोन. तारखा अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. ३० जून हे ०६/३०/२०२८ असं. ७ एप्रिलसारखी तारीख आपल्या पद्धतीने लिहिली तर ती ४ जुलै वाचली जाते आणि अख्खा अर्ज परत येतो. फॉर्म मामा नोकरीत असतानाच, मे-जून २०२८ मध्ये एचआरला दाखवा. निवृत्तीनंतर सही मिळवायला माणूस शोधत फिरावं लागतं.

एचआरने नकार दिला तर दुसरा पुरावा चालतो: विम्याचं तारखा असलेलं कार्ड, हप्ता कापल्याची पगारपत्रकं, क्लेम मंजुरीची पत्रं. आपल्याकडे ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता बहुधा कंपनीच भरते, म्हणून पगारपत्रकावर काहीच दिसत नाही. शिवाय पॉलिसी दरवर्षी नव्याने होते, टीपीए (क्लेम हाताळणारी मधली कंपनी) बदलतो, जुनी ई-कार्डं पोर्टलवरून गायब होतात. ऑगस्ट २०२६ पासून दरवर्षीचं दोघांचं ई-कार्ड पीडीएफ करून ठेवा, त्यासोबत फॉर्म १६. दोन पॉलिसींच्या मध्ये एक महिनाही रिकामा दिसता कामा नये.

अर्ज ऑनलाइन होतो, पण परदेशातला पत्ता आणि फोन यांमुळे ओळख पडताळणी अडकली तर कागदी मार्ग आहे. भारतात राहणाऱ्यांचं सोशल सिक्युरिटीचं काम मनिलातल्या अमेरिकन वकिलातीचं फेडरल बेनिफिट्स युनिट पाहतं, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये त्याचं काउंटर नाही. पत्रव्यवहाराला काही आठवडे धरा, आणि मुदतीच्या शेवटच्या महिन्यावर काही ठेवू नका.

बी चा हप्ता पेन्शनमधून कापला जात असेल तर काळजी नाही. पेन्शन चालू नसेल तर तीन महिन्यांचं एकत्र बिल टपालाने येतं, आणि मुलुंडच्या पत्त्यावर ते उशिरा पोचू शकतं. अमेरिकन बँक खातं चालू ठेवा आणि मेडिकेअरची ईझी पे (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची) सोय लावा. हप्ता थकून बी बंद झाला तर पुन्हा घ्यायला जानेवारीच उजाडावा लागतो.

शेवटी मुंबईचं. जून २०२८ नंतर ग्रुप विमा गेला की मामा-मामी इथे उघडे पडतील. नाव पॉलिसीतून निघण्याच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे जुन्या आजारांसाठी काढलेला काळ वाया जात नाही. १ एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीला ६५ ची वयोमर्यादा नाही आणि जुन्या आजारांचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. एडिसनच्या तीन महिन्यांसाठी पार्ट ए असेल, पण डॉक्टरची फी नसेल. तेवढ्यापुरती प्रवास पॉलिसी घेताना "परदेशात राहणारा अमेरिकन नागरिक चालतो का" हे लेखी विचारा. बऱ्याच व्हिजिटर पॉलिसी अमेरिकन पासपोर्टला चालत नाहीत.